ठिबकच्या नळ्या गुंडाळायचं यंत्र

(दृश्य: तोडणी झालेली केळीबाग, जमिनीवर लांबलचक काळ्या नळ्या)

रावेर-यावल पट्ट्यातली ही बाग आता मोडायची आहे. रोटाव्हेटर येण्याआधी या १६ मिलिमीटरच्या नळ्या उचलाव्या लागतात. एखादी राहिली तर पात्यांत गुरफटते. मजूर वाकून, हातावर वेटोळी घालत त्या गोळा करतात. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला दिलेलं काम एवढंच: वाकणं टाळा.

(दृश्य: नळीच्या टोकाला ताणकाटा)

आधी मोजणी. ६० मीटरची रिकामी नळी साधारण अडीच किलोची. आत पाणी राहिलं तर नऊ लिटरची भर. घर्षणांक ०.६ धरला, तर रिकामी ओढायला दीड किलोचा जोर, भरलेली ओढायला सात. म्हणून शेवटचं टोपण काढून पाणी सोडायचं आणि मगच नळी गुंडाळणाऱ्या ड्रमच्या हँडलला हात लावायचा. समीकरण फळ्यावर येतं ते यानंतर.

(दृश्य: पुठ्ठ्याचे नमुने)

पुठ्ठ्याच्या नमुन्यात ड्रम हमखास लहान होतो, २० सेंटिमीटर व्यासाचा. फिरवायला हलका, हे खरं. पण उन्हानं कडक झालेली नळी तेवढ्या वळणावर मुडपते आणि पुढच्या हंगामात नेमकी तिथेच गळते. व्यास हवा ५० सेंटिमीटर. एका फेऱ्यात १.५७ मीटर, म्हणजे ६० मीटरला ३८ फेरे. प्रत्यक्षात ३५च्या आसपास नळी संपते! ड्रमची रुंदी २० सेंटिमीटर. बारा वेढ्यांनी एक थर भरतो, आणि प्रत्येक थरागणिक व्यास वाढतो. हे तीन फेरे कुठे गेले, ते मुलांनीच शोधायचं.

(दृश्य: वेल्डिंगच्या ठिणग्या)

सांगाडा २० मिलिमीटरच्या चौकोनी पाइपचा, पत्रा १.२ मिलिमीटर जाडीचा. इथे ३.१५ मिलिमीटरचा वेल्डिंग रॉड लावला की भोक पडतं. रॉड अडीचचा, करंट ६० अँपिअरच्या आसपास. आधी चारही कोपऱ्यांना नुसते टाके मारायचे, दोन्ही कर्ण मोजायचे, जुळले तरच पूर्ण वेल्डिंग. चौकट तिरकी झाली तर दोन्ही बेअरिंग एका रेषेत येत नाहीत आणि शाफ्ट जाम होतो. सगळं जमलं, पण ड्रमच्या बाहेरच्या बाजूला नळी अडवणारी फुलीही (एकमेकींना छेदणाऱ्या दोन पट्ट्या) वेल्ड केली, तर वेटोळं निघणार कुठून? ती फुली सुटी ठेवायची, हातानं फिरवता येणाऱ्या विंग नटवर.

कानशीनं लोखंडी चौकोन घासायचा सरावाचा ठरलेला जॉबही याच कार्यशाळेत होतो. तपासून झाला की भंगारात.

(दृश्य: शेतातली चाचणी)

एक जण हँडलवर, दुसरा नळी मोकळी करत पुढे. यंत्र शेतातच राहिलं, मुलांचे गुण जमा झाले.

नळी मात्र ड्रमच्या एकाच बाजूला चढत जाते. ड्रमसमोर डावी-उजवीकडे सरकणारी कडी बसवायचं काम पुढच्या तुकडीला दिलं आहे.