श्वासाबरोबर हलणारी गाठ

श्रोतेहो, नमस्कार.

फुप्फुसाचा कर्करोग लवकर सापडला तर ऑपरेशन करून गाठ काढतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण हा आजार ज्यांना होतो त्यांतले बरेच जण सत्तरीच्या पुढचे, वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढलेले, एक जिना चढायचा तर मध्ये दोनदा टेकणारे असतात. भूलतज्ज्ञ श्वासाची तपासणी बघतात, हृदयाची इको बघतात आणि सांगतात, ऑपरेशन झेपणार नाही. घरची मंडळी खोलीबाहेर येतात ती आता काही उरलं नाही असं समजूनच. ‘नका आता त्यांना त्रास देऊ,’ असं कुणीतरी वडीलधारं माणूस म्हणतं आणि विषय संपतो.

मी किरणोपचार विभागात काम करते आणि मला आज या संपलेल्या विषयाबद्दलच बोलायचं आहे. गाठ लहान असेल, साधारण 5 सेंटिमीटरच्या आत, आणि लसिकाग्रंथींमध्ये, म्हणजे लिम्फ नोड्समध्ये, पसरलेली नसेल, तर ऑपरेशन न करताही ती मारता येते. या पद्धतीला स्टिरिओटॅक्टिक बॉडी रेडिओथेरपी म्हणतात. रुग्णालयात तुम्हाला एसबीआरटी किंवा एसएबीआर ही अक्षरं ऐकू येतील. दोन्ही एकच.

किरणोपचार, म्हणजे ज्याला आपल्याकडे अजूनही ‘शेक देणं’ म्हणतात, ते काही नवे नाहीत. फुप्फुसाच्या गाठीला पूर्वीही किरण देत असू. रोज 2 ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक), अशा 30 ते 33 बैठका, म्हणजे सहा आठवडे रोजची फेरी. एवढं करूनही बऱ्याच रुग्णांत गाठ त्याच जागी पुन्हा डोकं वर काढायची. किरणांची ताकद कमी पडत होती असं नाही. ती ताकद नेमक्या जागी लावायची सोय नव्हती. फुप्फुसातली गाठ एका जागी थांबत नाही. श्वास घेतला की खाली, सोडला की वर. छाती आणि पोट यांमधल्या पडद्याजवळची गाठ तर एकेका श्वासाला एक-दोन सेंटिमीटर सहज सरकते. वाऱ्याने हलणाऱ्या फांदीवरची कैरी पाडायची, तर नेम न धरता सगळ्या फांदीवरच दगडांचा मारा करावा, तसं चालायचं. गाठीभोवतीचा मोठा निरोगी भाग त्यात सापडायचा, म्हणून मात्रा हात राखून द्यावी लागायची.

मेंदूचं तसं नाही. कवटी पक्की, आत काही हलत नाही. त्यामुळे स्वीडनचे मेंदूशल्यविशारद लार्स लेक्सेल यांनी 1951 सालीच मेंदूतल्या एका बिंदूवर अनेक दिशांनी किरण एकवटण्याची कल्पना मांडली. ती छातीपर्यंत यायला चाळीस वर्षं गेली. स्वीडनमधल्याच, स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत इंगमार लॅक्स आणि हेन्रिक ब्लोमग्रेन यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला शरीर धरून ठेवणारी चौकट तयार केली. पोटावर दाब देऊन श्वासाचा हेलकावा कमी केला. जपानी डॉक्टरांनीही त्याच दशकात फुप्फुसासाठी ही पद्धत वापरायला घेतली.

आता मात्रेचा हिशोब बघा. जुन्या पद्धतीत 30 बैठकांत 60 ग्रे. नव्या पद्धतीत 3 बैठकांत 54 ग्रे, म्हणजे एका बैठकीला 18. बेरीज कमीच भरते. पण पेशींवर होणारा परिणाम नुसत्या बेरजेने मोजत नाहीत. रोज थोडं थोडं दिलं की पेशींना दोन बैठकांमध्ये स्वतःची डागडुजी करायला वाव मिळतो. एकदम 18 दिल्यावर तो फारसा उरत नाही. आमच्या नेहमीच्या सूत्रात हे आकडे घातले, तर जुन्या पद्धतीची परिणामकारक मात्रा 72 येते आणि नवीची 151. दुपटीहून जास्त.

मग शेजारचं फुप्फुस जळत कसं नाही? यंत्र रुग्णाभोवती फिरतं आणि वेगवेगळ्या कोनांतून किरण सोडतं. प्रत्येक दिशेचा झोत त्यामानाने सौम्य असतो. सगळे झोत फक्त गाठीत एकमेकांना भेटतात आणि तिथून बाहेर पडलं की मात्रा झपाट्याने उतरते. गाठीला खेटून असलेला थोडा भाग मात्र कायमचा कामातून जातो, हे मान्य करूनच आम्ही ही आखणी करतो.

अमेरिकेत रॉबर्ट टिमरमन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2010 साली आले. ऑपरेशन न झेपणारे 55 रुग्ण. तीन वर्षांनी मूळ गाठ ताब्यात राहण्याचं प्रमाण 97.6 टक्के. हा आकडा सगळीकडे सांगितला जातो. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मी मुद्दाम सांगते: तीन वर्षांनी हयात असलेले 55.8 टक्के. काही जणांत आजार शरीरात दुसरीकडे उगवला, आणि ज्यांचं हृदय आणि फुप्फुस आधीच थकलेलं होतं त्यांतले काही त्या जुन्या दुखण्यांनी गेले. मूळ गाठ मरते, पण बाकीचं शरीर त्याच वयाचं राहतं. घरच्यांशी बोलताना हे दोन्ही आकडे शेजारी ठेवायला हवेत असं माझं मत आहे.

त्याआधी 2006 साली याच गटाने एक धोकाही नोंदवला होता. गाठ फुप्फुसाच्या कडेला असेल तर दोन वर्षांत 83 टक्के रुग्ण गंभीर त्रासापासून दूर राहिले. मोठ्या श्वासनलिकांजवळच्या गाठींत हे प्रमाण 54 टक्क्यांवर आलं. म्हणून मुख्य श्वासनलिकांपासून 2 सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला आम्ही तीन बैठकांचा हिशोब लावत नाही. मात्रा कमी करून ती पाच, आठ किंवा त्याहून जास्त बैठकांत वाटतो. ‘शेजारच्यांचं तीन दिवसांत झालं, आमच्या बाबांना आठ का?’ असं नातेवाईक विचारतात, त्याचं उत्तर हे.

प्रत्यक्षात काय होतं, ते सांगते. पहिल्या दिवशी किरण देत नाहीत. बारीक मण्यांनी भरलेल्या एका मऊ गादीवर आजोबांना झोपवतात, हात डोक्यावर. पंपाने गादीतली हवा काढली की ती अंगाच्या आकाराची होऊन कडक होते. पुढच्या प्रत्येक वेळी त्याच खोबणीत झोपायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण खांदा आखडलेल्या माणसाला अर्धा तास हात वर धरणं जड जातं. म्हणून तपासणीची तारीख मिळाल्यापासूनच रोज थोडा वेळ हात वर करून पडायची सवय करा आणि खांदा दुखत असेल तर आधी सांगा. मग पोटावर एक हलकी डबी ठेवतात. श्वासाबरोबर ती वरखाली होते, समोरचा कॅमेरा तिची लय टिपतो आणि सीटी स्कॅन त्या लयीशी जोडला जातो. एका श्वासाचे साधारण दहा तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात गाठ कुठे आहे ते आम्हाला दिसतं. काही ठिकाणी श्वास रोखून धरायला सांगतात. दम्याच्या किंवा सीओपीडीच्या, म्हणजे श्वासनलिका कायमच्या आकसल्याच्या, माणसाला ते जमत नाही. त्याने संथ, एका लयीत श्वास घेतला तरी पुरतं. काही यंत्रं गाठीचा पाठलाग करत श्वासाबरोबर झोत हलवतात.

उपचाराच्या दिवशी टेबलावर झोपवल्यावर यंत्र आधी स्वतःच सीटी काढतं. ते चित्र आखणीच्या चित्राशी ताडून टेबल मिलिमीटरच्या हिशोबाने सरकवतात. बैठकीतला बराचसा वेळ या जुळवाजुळवीतच जातो, किरण सुरू असतात ती मोजकी मिनिटं. काहीही टोचत नाही, झटका बसत नाही, केस गळत नाहीत. उठून घरी जायचं. नंतर थकवा येतो. काहींना काही महिन्यांनी खोकला आणि दम वाढतो, कारण फुप्फुसाला सूज येते. गाठ बरगडीला लागून असेल तर तिथे दुखतं, कधी बरगडी तडकतेही. ज्यांच्या फुप्फुसाला आधीच चट्टे पडण्याचा आजार आहे, म्हणजे आयएलडी, त्यांना या उपचाराचा धोका बराच जास्त असतो. ती फाईल पहिल्याच भेटीत दाखवा.

ऑपरेशन झेपत असेल तर काय? ऑपरेशनच करा. दोन्हींची तुलना करणाऱ्या चाचण्या झाल्या, पण बऱ्याच पुरेसे रुग्ण न मिळाल्याने मध्येच थांबल्या. 2015 साली अशा दोन चाचण्यांचे रुग्ण एकत्र करून निष्कर्ष आले, तर ते सगळे मिळून 58. एवढ्यावर शस्त्रक्रियेला रजा देता येत नाही.

खरी अडचण आपल्याकडे वेगळी आहे. फुप्फुसाचा कर्करोग आमच्यापर्यंत पोचतो तोच बहुधा पसरलेला. एक्स-रेमध्ये डाग दिसला की पहिला संशय टीबीचा, आणि आपल्या देशात तो गैर नाही. पण थुंकीत जंतू सापडले नसताना गोळ्या सुरू होतात, महिने जातात, डाग तसाच राहतो आणि तरी सीटी होत नाही, इथे वेळ हातची जाते. उलट बाजूही आहे. नेदरलँड्ससारख्या देशात पेट स्कॅनवर (जास्त साखर ओढणाऱ्या पेशी ज्यात चमकून दिसतात त्या तपासणीत) चमकणाऱ्या गाठीला पुष्कळदा सुईने तुकडा न काढताच किरण देतात. आपल्याकडे टीबीची गाठही पेट स्कॅनवर तशीच चमकते. म्हणून बायोप्सीसाठी डॉक्टर आग्रह धरतील, तर सुईला घाबरून नाही म्हणू नका. सुईमुळे आजार पसरतो ही समजूतही सोडा.

उपचारानंतर काही महिन्यांनी सीटी काढला की किरणांच्या जागी पांढरा पट्टा दिसतो. तो बहुतेक वेळा व्रण असतो. रिपोर्टमध्ये मात्र ‘गाठ वाढल्याचा संशय’ असं येऊ शकतं आणि घरात पुन्हा रडारड सुरू होते. तो रिपोर्ट किरणोपचाराच्या डॉक्टरांकडेच न्या आणि जाताना आधीच्या सगळ्या सीटींच्या सीड्या बरोबर घ्या, नुसते कागद नकोत. एकच चित्र पाहून यातलं काही ठरवता येत नाही.

नमस्कार.