टिंब कुणी द्यायचं?

(पणजीत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मांडवीच्या पाण्यापासूनच सुरुवात करू. पणजीच्या फेरी धक्क्यावर पाणी चढतं-उतरतं, त्यात सर्वांत मोठा वाटा चंद्राच्या ओढीने दर 12.42 तासांनी परतणाऱ्या लाटेचा. फक्त तेवढी लाट धरून वर्षभरातल्या प्रत्येक मिनिटाची उंची काढायची, तर तेच गणित 5,25,600 वेळा. ज्युलिया या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत ते असं लिहितात. नावं देवनागरीत चालतात, आणि कोसाइनला मी ‘कोज्या’ हे नाव आधीच देऊन ठेवलंय:

उंची = मध्य .+ झोका .* कोज्या.(गती .* वेळ)

इथे ‘वेळ’ ही सगळ्या मिनिटांची यादी; ‘मध्य’ (पाण्याची सरासरी पातळी), ‘झोका’ (त्यापासूनची चढ-उतार) आणि ‘गती’ हे एकेक आकडे. टिंब म्हणजे: ही क्रिया यादीतल्या एकेका आकड्यावर कर. टिंबं पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. नुसतं ‘कोज्या’ म्हणून का भागत नाही? एके काळी भागत होतं. साइन, कोसाइन, लॉग अशा फंक्शनांची अख्खा ॲरे, म्हणजे आकड्यांची यादी, घेणारी वेगळी रूपं भाषेतच होती. पण तुम्ही स्वतः लिहिलेल्या फंक्शनाला असं रूप नसायचं, ते तुम्हीच लिहायचं. 2016 मध्ये 0.5 आवृत्तीत टिंब आलं आणि ते कुठल्याही फंक्शनाला लागू झालं. 2017 च्या 0.6 मध्ये जुनी रूपं वापरली की इशारे यायला लागले. 2018 मध्ये 1.0 आली तेव्हा ती गेलेली होती.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे: फंक्शन एका आकड्यापुरतं लिहायचं, आणि ते हजारोंवर फिरवायचं की नाही हे वापरणाऱ्याने, वापरण्याच्या जागी, उघडपणे सांगायचं.

उघडपणे सांगण्याचा फायदा काय? जुन्या पद्धतीत गती गुणिले वेळ केलं की एक नवा ॲरे, कोसाइनने दुसरा, झोक्याने गुणलं की तिसरा, मध्य मिळवला की चौथा. प्रत्येकी 5,25,600 आकडे, आठ बाइटचा एकेक, म्हणजे सुमारे 42 लाख बाइट. त्यातले तीन ॲरे वापरून टाकून द्यायचे. ॲरे घेणारं फंक्शन आत काय करतं याची कंपायलरला, म्हणजे प्रोग्रॅमचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्याला, खात्री नसते, म्हणून प्रत्येक क्रियेची लूप (यादीवरून एकेक आकडा घेत जाणारी फेरी) दुसरीत मिसळणं त्याला अवघड. टिंब मात्र भाषेच्या व्याकरणातलं वचन आहे: एकेका घटकावरच काम होईल. त्यामुळे चारही क्रिया एकाच लूपमध्ये मिसळतात आणि शेवटचा ॲरे तेवढा तयार होतो. बरोबरच्या चिन्हालाही टिंब दिलं, तर निकाल आधीच्याच ॲरेत भरला जातो, नवा लागत नाही.

मॅट्रिक्सचा, म्हणजे आकड्यांच्या चौकोनी तक्त्याचा, नावांचा प्रश्नही यातून सुटला. मॅट्रिक्सचं एक्स्पोनेन्शियल म्हणजे अनंत श्रेणीची बेरीज. प्रत्येक घटकाचं एक्स्पोनेन्शियल हे निराळंच गणित. पूर्वी पहिल्यासाठी वेगळं नाव लागायचं. आता टिंब नसेल तर पहिलं, असेल तर दुसरं.

टिंबं मोजत बसायची नसतील, तर ओळीच्या सुरुवातीला ‘ॲट’चं चिन्ह आणि एक टिंब द्या, बाकीची आपोआप लागतात. हाताने लिहाल तेव्हा मात्र एक जपा. कोज्येचं टिंब विसरलात तर लगेच चूक दाखवली जाते. पण गती आणि वेळ यांच्यामधलं विसरलात, तर काहीच बोंब होत नाही: आकड्याने ॲरेला गुणणं टिंबाविनाही चालतं, उत्तर तेच येतं, आणि 42 लाख बाइटचा एक ॲरे गुपचूप जास्त तयार होतो.