मृताच्या रक्तातील मद्याचा आकडा वाचताना

मित्रहो, अनैसर्गिक मृत्यूंत मद्याचा वाटा किती, या विषयावर बोलण्यासाठी मी आलो आहे. परंतु ते मद्य मोजले कसे जाते, हे सांगितल्यावाचून मला पुढे जाता येत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट आहे. नागपूरचा मे तुम्हांला सांगायला नको; पारा ४५ अंशांवर होता. एका शेतमजुराचा मृतदेह चौथ्या दिवशी विहिरीतून काढून शवविच्छेदनासाठी आणला गेला. अंग फुगलेले, हातांची कातडी मोज्यासारखी निघत होती. पुढे रासायनिक विश्लेषणाच्या अहवालात रक्तात १०० मिलीलिटरमागे ६२ मिलिग्रॅम मद्य असल्याचे आले आणि तेवढ्यावरून विम्याचा दावा फेटाळला गेला. त्याची आई मला भेटायला आली. कागदाची घडी हातात घट्ट धरून ती एवढेच म्हणत राहिली, "साहेब, माह्या पोरानं कधी दारूले हात नाई लावला."

मी सगळे कागद पुन्हा काढले. रक्त हृदयातून घेतलेले होते, मूत्र किंवा डोळ्याच्या गोलातील द्रव राखून ठेवलेला नव्हता आणि बाटलीत सोडियम फ्लोराइड टाकल्याची नोंदही नव्हती. देह कुजू लागला की जीवाणू आणि यीस्ट शरीरातल्या साखरेपासून स्वतःच इथेनॉल, म्हणजे मद्यच, तयार करतात, आणि फ्लोराइड नसेल तर ही क्रिया बाटलीतही चालू राहते. एवढ्या नोंदींवरून मद्यप्राशन सिद्ध होत नाही, असे मत मी लिहून दिले. डोळ्यातला द्रव उशिरा कुजतो. तो त्या दिवशी सिरिंजने काढून ठेवला असता, तर त्या माउलीला माझ्या दारात यावे लागले नसते, याची बोच मला अजून आहे.

रक्त मांडीच्या शिरेतूनच घ्यावे, असे आम्ही म्हणतो ते याचसाठी की मृत्यूनंतर जठरातले मद्य शेजारच्या हृदयात झिरपते. आणखी एक: एरवी व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग, संपृक्त मिठाच्या पाण्यात किंवा रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये ठेवतात; पण हे स्पिरिट म्हणजे मद्यार्कच, मद्याची शंका असताना स्पिरिट वापरले, तर तपासायचे काय उरले?

घड्याळ पुढे सरकले आहे, म्हणून मूळ मुद्दा थोडक्यात मांडतो. केवळ मद्यानेही मृत्यू येतो, रक्तात १०० मिलीलिटरमागे साधारणतः ४०० मिलिग्रॅमच्या आसपास; पुढचे आकडेही याच मापात आहेत. परंतु बुडणे, पडणे, भाजणे, वाहनाची धडक, उलटी श्वासनलिकेत जाणे या मृत्यूंत मद्य बहुधा साथीदार असते, कारण नव्हे. मोटार वाहन कायद्याची ३० मिलिग्रॅमची मर्यादा चालकासाठी आहे. ती पादचाऱ्याच्या मृत्यूला लावू नये. याउलट शून्य आकडाही फसवतो. रक्तातले मद्य तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. रात्री अकराला १०० मिलिग्रॅम असलेला जखमी सकाळी सातला दगावला, तर शवविच्छेदनात काहीच सापडणार नाही. अशा वेळी दाखल करताना काढलेले पहिले रक्त रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत शिल्लक असू शकते. ते टाकून दिले जाण्याआधी मागून घ्या.