खाडी, सडा आणि घाट : हायब्रिड गाडीची टेस्ट ड्राइव्ह

[दृश्य : रत्नागिरी, मारुती मंदिर परिसर. सकाळची वर्दळ. शोरूममधून एक गाडी रस्त्यावर येते.]

गाडी सुरू झाली आहे, पण आवाज नाही. समोर फक्त 'रेडी' अशी हिरवी अक्षरं उमटली आहेत. शेजारी बसलेला सेल्समन कौतुकाने सांगतो, "बघा काका, इंजिन बंदच आहे!" गाडी अलगद सरकते, सपाट रस्त्यावरून दोन-तीन किलोमीटरचा फेरा मारते आणि परत येते. पंधरा-वीस लाखांचा व्यवहार पुष्कळदा एवढ्या फेऱ्यावर ठरतो.

सपाट रस्त्यावर, सावकाश चालवली तर कुठलीही हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली, गाडी आवडेल. तिचा कस लागतो चढावर, आणि त्याहून जास्त उतारावर. कोकणात राहणाऱ्या माणसाला चढ-उतार शोधत जावं लागत नाही, ते घराच्या गडग्यापासूनच सुरू होतात. म्हणून टेस्ट ड्राइव्हचा रस्ता शोरूमवाल्याने ठरवू नये, तुम्ही ठरवावा.

आधी एक गोष्ट विचारून घ्या : गाडी माइल्ड हायब्रिड आहे की स्ट्राँग? माइल्डमध्ये छोटी मोटर इंजिनला जरासा हातभार लावते, एकटी गाडी ओढू शकत नाही. स्ट्राँग हायब्रिड थोडं अंतर निव्वळ विजेवर चालते. एकाच नावाच्या गाडीत दोन्ही प्रकार मिळतात, मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर ही त्याची उदाहरणं, आणि किमतीत लाखांचा फरक असतो. घ्यायची आहे तीच गाडी चालवायला मागा. "सारखीच आहे हो" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका.

[दृश्य : आरे-वारेचा रस्ता. डावीकडे समुद्र. गाडी चढ चढते, सड्यावर येते, पुन्हा खाली उतरते.]

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणारा हा किनाऱ्याचा रस्ता. खाली खाडी किंवा पुळण, वर जांभ्याचा सडा म्हणजे खडकाळ पठार, पुन्हा उतार, पुन्हा पूल. हायब्रिड समजून घ्यायला याच्याइतका चांगला रस्ता मला माहीत नाही, आणि त्याचं कारण बॅटरीच्या आकारात आहे.

ग्रँड विटारा आणि हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमधली बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासांची आहे. विजेच्या बिलाच्या भाषेत पाऊण युनिट. तेवढंच! आणि बॅटरी टिकावी म्हणून गाडी तिला पूर्ण रिकामीही होऊ देत नाही आणि पूर्ण भरूही देत नाही. म्हणजे हाताशी पाऊण युनिटही नसतं.

आता हिशेब करू. माणसांसह दीड टन वजनाची गाडी १०० मीटर खाली उतरली की सुमारे ०.४ युनिट ऊर्जा मोकळी होते. साध्या गाडीत ती ब्रेक तापवण्यात जाते. हायब्रिडमध्ये मोटर उलट काम करते, जनित्र बनते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत भरते. किनाऱ्यालगतचे सडे फार उंच नाहीत. उतारावर जमा झालेली वीज बॅटरीत मावते आणि पुढच्या चढाला लगेच वापरली जाते. खाडी ते सडा, सडा ते खाडी, हे अंतर या छोट्या बॅटरीला नेमकं पेलतं.

स्क्रीनवर ऊर्जेचे बाण दिसतात. शेजारच्याला ते बघायला सांगा, तुम्ही रस्ता बघा. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला की बाण चाकांकडून बॅटरीकडे वळतो. मग ब्रेकवर हलका पाय ठेवा. पहिला दाब मोटरच घेते, लायनर नंतर लागतात. ४० च्या वेगावरून अगदी हळू थांबून बघा. शेवटच्या काही मीटरमध्ये मोटर काम सोडते आणि लायनर पकडतात. त्या क्षणी गाडीला झटका बसतो का? पायाला वेगळं जाणवतं का? वळण संपताच रस्त्यात गुरं बसलेली असणं आपल्याकडे रोजचंच आहे. पावसाळ्यात, शेवाळलेल्या रस्त्यावर हा ब्रेक तुमच्या पायाला समजलेला असायला हवा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा करून बघा, आणि घरात जे जे गाडी चालवणार आहेत त्या सगळ्यांना करू द्या.

[दृश्य : जयगड. फेरीबोटीसाठी लागलेली गाड्यांची रांग. दुपारचं ऊन.]

पलीकडे तवसाळ. बोट अजून त्या काठाला आहे. अशा रांगेत एसी चालू ठेवून थांबा. मागच्या सीटवरून आई विचारते, "बाय, गाडी बंद केलीस काय गो?" लेक सांगते, "नाय गो आई, चालूच हाय." इंजिन थांबलेलं असतं आणि गार हवा येत राहते, कारण स्ट्राँग हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो. माइल्डमध्ये तो बहुधा इंजिनच्या पट्ट्यावर असतो. इंजिन थांबलं की थोड्या वेळाने नुसता वारा येतो.

थांबल्या जागी बॅटरी उतरत जाते आणि मग इंजिन आपोआप सुरू होतं. ते सुरू होताना किती थरथर जाणवते, किती वेळाने सुरू होतं, किती वेळ चालतं, हे बघा. मे महिन्यात गाडी घेणार असाल तर ही परीक्षा भर दुपारीच घ्या.

[दृश्य : आंबा घाट. वळणं, समोर मालाचा ट्रक, मागे एसटी.]

आता घाट. रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावर साखरपा सोडलं की आंबा घाट सुरू होतो. शोरूमवाले इतक्या लांब गाडी देतीलच असं नाही. तरी मागा. पेट्रोलचे पैसे देण्याची तयारी दाखवा, गर्दी नसलेला वार सांगा. नाहीच जमलं तर ओळखीत कोणाकडे तेच मॉडेल असेल तर त्यांच्यासोबत जा. पण घाट चुकवू नका, कारण किनाऱ्यावर जे हिशेब जुळले ते इथे जुळत नाहीत.

चढाच्या सुरुवातीला मोटर आणि इंजिन दोघं मिळून ओढतात, गाडी हलकी वाटते. काही वळणांनंतर बॅटरी खाली येते. आता भार मुख्यतः इंजिनवर. ग्रँड विटारा-हायरायडरमध्ये हे १.५ लिटरचं, तीन सिलिंडरचं इंजिन आहे. ई-सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली स्वयंचलित रचना, असल्यामुळे गिअर बदलल्याचा अनुभव नाही. इंजिन एका वरच्या सुरात ओरडत राहतं आणि वेग आपल्या गतीने वाढतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काहीतरी बिघडलंय असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं. आवाजाकडून लक्ष काढून वेगाकडे बघा : चार माणसं आणि सामान घेऊन गाडी वेग टिकवते का? सुरक्षित, सरळ टप्पा मिळाला आणि बॅटरी खाली असताना ट्रकच्या पुढे जायला किती वेळ लागला? एकट्याने, रिकाम्या गाडीत घेतलेली चाचणी गणपतीत मुंबईहून भरून येणाऱ्या गाडीबद्दल काहीच सांगत नाही.

आणि उतरताना? ५०० मीटर उतरलात तर सुमारे दोन युनिट ऊर्जा मोकळी होते. बॅटरी पाऊण युनिटाची. अर्ध्या घाटातच ती भरते आणि त्यानंतर मोटरचं रोखणं कमी होतं. ब्रेकचं काम लायनरवर येतं. टोयोटा पद्धतीच्या गाड्यांत (ग्रँड विटाराही त्यातलीच) यासाठी गिअर लिव्हरवर 'बी' असतो. त्यात टाकलं की इंजिनचा अडसर गाडीला रोखून धरतो, इंजिनचा आवाज वाढतो, आणि तो वाढायलाच हवा. होंडा सिटीच्या हायब्रिडमध्ये स्टीअरिंगमागच्या पट्ट्यांनी मोटरचं रोखणं कमी-जास्त करता येतं. गाडी कुठलीही असो, बॅटरी भरल्यावर ती उतारावर कशी वागते, हे विकत घेण्याआधी तुमच्या पायाला कळायला हवं. माझ्या मते सगळ्या टेस्ट ड्राइव्हमध्ये याहून महत्त्वाची गोष्ट नाही.

[दृश्य : वाडीतली अरुंद, चढणीची वाट. गाडी रिव्हर्समध्ये घराकडे जाते.]

आपल्याकडे पुष्कळांची घरं रस्त्यापासून वर असतात, आणि वळवायला जागा नसल्याने गाडी उलटी चढवावी लागते. टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये रिव्हर्सला चाकं फक्त इलेक्ट्रिक मोटर फिरवते. इंजिन वीज पुरवतं, पण चाकांना थेट जोर देत नाही. म्हणून घरचे सगळे बसवून आपल्या स्वतःच्या चढणीवर रिव्हर्स घेऊन बघा. मध्येच थांबा, पुन्हा चढवा. टेस्ट ड्राइव्ह घरी बोलवण्याचं हे एकच कारण पुरेसं आहे. आणि वाडीत गाडी विजेवर जवळजवळ निःशब्द चालते. पाठमोऱ्या माणसाला, पोरांना ती येतेय हे कळत नाही, हे लक्षात असू द्या.

अंगणात गाडी आलीच आहे, तर डिकी उघडा आणि आंब्याच्या पेट्या ठेवून बघा. हायब्रिडची बॅटरी कुठेतरी बसवावी लागते आणि बहुधा ती डिकीचीच जागा खाते. होंडा सिटी पेट्रोलची डिकी ५०६ लिटरची, हायब्रिडची ३०६.

बॅटरीला गार ठेवणारी हवेची जाळी अनेक गाड्यांत मागच्या सीटजवळ असते. ती शोधा. पिशव्यांनी ती झाकली जाणार असेल किंवा पुळणीवरून आलेल्या पायांची वाळू तिथे साचणार असेल, तर ती साफ कशी करायची हे तिथेच विचारा.

[दृश्य : चिपळूण, वाशिष्ठीचा पूल.]

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि उभ्या गाड्या बुडाल्या. बॅटरी सीटखाली किंवा डिकीच्या तळाशी असेल तर पाणी तिच्यापर्यंत लवकर पोचतं. पुरात बुडालेली हायब्रिड सुरू करून बघायची नाही. उच्च दाबाच्या विजेच्या जाड नारिंगी केबलना हात लावायचा नाही. विमा अशा वेळी बॅटरीचं नुकसान भरून देतो का, हे आधी वाचा.

ॲव्हरेजचं थोडक्यात. हायरायडर आणि ग्रँड विटारा स्ट्राँग हायब्रिडचा जाहीर आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर, आणि तो प्रयोगशाळेतला. निघताना ट्रिप मीटर शून्य करा आणि जिथून निघालात तिथेच परत या. घाट उतरून आलेल्या गाडीचा आकडा नेहमी सुखावणारा असतो. बाजारातल्या थांबत-निघत रस्त्यावर आणि चढ-उतारावर हायब्रिड पेट्रोल वाचवते. महामार्गावर एकसारखं ९० ने जाणाऱ्याला तितका फायदा दिसत नाही. तुमचा वर्षभराचा प्रवास यातला कुठला, त्यावर जादा पैसे वसूल होतील की नाही हे ठरेल.

[दृश्य : पुन्हा शोरूम. टेबलावर कागद.]

मोठ्या बॅटरीची वॉरंटी टोयोटा आणि मारुती ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर देतात, यातलं जे आधी होईल ते. पण हायब्रिडमध्ये नेहमीची १२ व्होल्टची छोटी बॅटरीही असते, आणि ती उतरली तर 'रेडी' उमटत नाही. गावच्या घरी आठवडेच्या आठवडे गाडी उभी राहणार असेल तर तिची काळजी कशी घ्यायची, ते विचारा. आणि उच्च दाबाच्या विजेचं काम शिकलेला माणूस रत्नागिरीच्या वर्कशॉपमध्ये आहे की गाडी कोल्हापूरला न्यावी लागेल, न्यावी लागली तर ती नेणार कोण आणि खर्च कोणाचा, हे बुकिंगची रक्कम भरण्याआधी लेखी घ्या.