तांब्याच्या पत्र्यावरचा येशू

नमस्कार श्रोतेहो. वसईत किंवा गोव्यात एखाद्या ख्रिस्ती घरी गेला असाल, तर बाहेरच्या खोलीतली येशूच्या ‘पवित्र हृदया’ची तसबीर आठवा. समोर झिरोचा लाल बल्ब. काही तसबिरींत हृदय छातीवर असतं. काहींत मात्र येशूनं ते डाव्या हातात धरलेलं असतं: काट्यांचा वेढा, वर ज्वाळा आणि क्रूस. नजर थेट आपल्याकडे.

या हातातल्या हृदयाचा माग काढला, तर आपण रोमला पोचतो. तिथल्या जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या ‘इल जेझू’ चर्चसाठी चित्रकार पोंपेओ बातोनीनं १७६७ साली हे चित्र रंगवलं. आजही ते तिथल्याच एका छोट्या चॅपेलमध्ये आहे.

बातोनी इटलीतल्या लुक्का शहरातल्या सोनाराचा मुलगा. मला ते या चित्रात दिसतं, कारण हे कापडावर नाही, तांब्याच्या पत्र्यावर आहे. कापडाला वीण असते, लाकूड दमट हवेत फुगतं. तांबं गुळगुळीत, त्यावर तैलरंग मिन्यासारखा झळकतो, ब्रशचा फटकारा शोधूनही सापडत नाही. खासगी प्रार्थनेची छोटी चित्रं तांब्यावर काढायची युरोपात जुनीच रीत होती. एकट्यानं, हातभर अंतरावरून बघायची चित्रं ती. आपल्या देवघरातल्या टाकांसारखी म्हणा ना.

त्या काळी रोममध्ये नव-अभिजात शैली रुजत होती. बातोनीचा प्रतिस्पर्धी मेंग्ज ग्रीक-रोमन पुतळ्यांतला शांतपणा चित्रात आणू पाहत होता. बातोनी तितका कडक नव्हे, थोडा गोडच. पण इथे त्यानंही आधीच्या भपकेदार बरोक शैलीतल्या वेदीचित्रांतले ढग आणि देवदूतांचे थवे गाळले. उरला एक माणूस, लाल झगा, निळं वस्त्र.

पवित्र हृदयाच्या भक्तीला पोपची मर्यादित परवानगी मिळाली ती १७६५ मध्ये, म्हणजे चित्राच्या दोनच वर्षं आधी. जान्सेनपंथी, म्हणजे कॅथलिकांमधलाच एक कडक पंथ, तिची टर उडवत. १७७३ मध्ये तर पोपनं जेझुइट संघच बरखास्त केला. चित्र टिकलं. पुढे पोर्तुगालच्या राणी मारिया पहिलीनं पवित्र हृदयाला वाहिलेलं एस्त्रेला चर्च लिस्बनमध्ये बांधलं, आणि तिथल्या चित्रांसाठी बातोनीलाच गाठलं. गोवा तेव्हा तिच्याच राज्यात होता.

नंतर छापखान्यांनी तांब्याची झळाळी घालवली, गाल गुलाबी केले. हात मात्र तसाच राहिला. पुढच्या वेळी तसबीर दिसली, की हृदय कुठे आहे तेवढं बघा. हातात असेल, तर ते सोनाराच्या पोराकडून आलेलं.