समुद्रात दिसलं ते सांगायचं कोणाला?

(सागरी सुरक्षेवरील एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

३१ जुलै २०११ ला मुंबईत जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर एक तेलवाहू जहाज येऊन वाळूत रुतलं. नाव 'पवित', झेंडा पनामाचा, आत माणूस एकही नाही. महिनाभरापूर्वी ओमानच्या बाजूला त्याचं इंजिन बंद पडलं होतं. खलाशांना ब्रिटिश युद्धनौकेने वाचवलं आणि जहाज बुडालं असेल असं धरून सगळे मोकळे झाले. ते बुडालं नव्हतं. नैऋत्य मोसमी वाऱ्यांनी ते अरबी समुद्र ओलांडून मुंबईच्या दारात आणून ठेवलं. २६/११ ला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती. नौदल, तटरक्षक दल, पोलीस यांच्यापैकी कोणालाही ते वाळूला लागेपर्यंत दिसलं नाही.

या घटनेवर तेव्हा खूप विनोद झाले. मला त्यातली तारीख महत्त्वाची वाटते. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. म्हणजे 'पवित' आलं तेव्हा समुद्रावर कोळी नव्हते. एरवी मुंबईसमोरच्या पाण्यात शेकडो बोटी रात्रंदिवस असतात. त्यांच्यामधून एवढं धूड दिवा न लावता, हाकेला उत्तर न देता सरकत गेलं असतं, तर वायरलेसवर बोंब झाली असती. त्या दोन महिन्यांत आपला समुद्र डोळे मिटून पडलेला असतो, आणि वारा नेमका आपल्याकडे वाहत असतो.

आता मागे जाऊ, १९९३ मध्ये. १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. त्याचा दारूगोळा श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला आणि त्याआधी शस्त्रं दिघीला उतरली, हे आपण सगळे जाणतो. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालात गोंडघर फाट्याचा जो प्रसंग आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. ९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघीहून निघालेला माल या फाट्यावर पोलिसांनी अडवला होता. अडवला, म्हणजे माहिती होती आणि माणसंही जागेवर होती. मग सौदा ठरला. रोकड पुरेशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या आणि गाड्या सोडल्या. कस्टम्सचे अधिकारीही पुढे दोषी ठरले. कोकणच्या किनाऱ्यावर सोनं, चांदी, घड्याळं उतरवण्याचा धंदा कित्येक वर्षं चालला होता. रात्री दोन तास ओझी वाहिली की महिन्याची कमाई हातात येते, हे गावांना ठाऊक होतं. या वेळी पेटीत काय आहे हे विचारायची सवयच कोणाला उरली नव्हती. रडार असतं तरी इथे काय दाखवणार होतं?

त्याच वर्षी 'ऑपरेशन स्वान' सुरू झालं. महाराष्ट्र आणि गुजरातच्या किनाऱ्यावर नौदल, तटरक्षक दल, पोलीस आणि कस्टम्स यांची संयुक्त गस्त, तीही बऱ्याचदा भाड्याच्या ट्रॉलरवरून. कारगिलनंतर मंत्रिगटाने किनारी पोलीस ठाण्यांची शिफारस केली आणि २००५ मध्ये केंद्राने किनारी सुरक्षा योजना मंजूर केली. देशभरात ७३ सागरी पोलीस ठाणी, २०४ बोटी. कागद चांगला होता. २००८ उजाडलं तेव्हा तो बराचसा कागदच होता.

२६ नोव्हेंबरची रात्र तुम्हाला मी सांगायला नको. मी फक्त समुद्रावरच्या भागाबद्दल बोलतो. दहा जण कराचीहून 'अल-हुसैनी'वरून निघाले. संशयित पाकिस्तानी जहाजाची खबर आपल्या यंत्रणांकडे नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली होती आणि तटरक्षक दलाने शोधही घेतला होता. पण शोध होता परक्या जहाजाचा, आणि हल्लेखोर आले आपल्या बोटीतून. त्यांनी पोरबंदरची 'कुबेर' ही मासेमारी बोट पकडली, खलाशांना मारलं, तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, वाट दाखवण्यासाठी जिवंत ठेवलं आणि मुंबई दिसू लागल्यावर त्यालाही मारलं. 'कुबेर' तिथेच सोडून रबरी होडीने ते कफ परेडच्या मच्छिमार नगरात, बधवार पार्कसमोर उतरले.

इथे सुरक्षेचा सगळा हिशेब उलटतो. आपली गस्त 'आपलं' आणि 'परकं' यातला फरक ओळखण्यासाठी बांधलेली होती. भारतीय नोंदणीची, भारतीय बांधणीची, भारतीय तांडेल सुकाणूवर असलेली बोट कोण अडवणार? ती बोट चुकीच्या जागी आहे, तिच्यावर जाळं टाकायची धावपळ नाही, एवढं हेरणारा माणूस एकच, शेजारच्या बोटीतला कोळी. आणि किनाऱ्यावर तसंच झालंही. कोळीवाड्यातल्या लोकांनी त्या मुलांना पाठीवर पिशव्या घेऊन उतरताना पाहिलं, कोण म्हणून हटकलं आणि उर्मट उत्तर ऐकलं. माणसाने पाहिलं, विचारलंसुद्धा. ते पुढे पोहोचवणारा धागा नव्हता.

माझं आजचं सगळं म्हणणं या धाग्याभोवती आहे. त्यानंतर काय काय उभं राहिलं ते भराभर सांगतो, कारण त्याची माहिती सहज मिळते. राज्य सरकारने हल्ल्याच्या चौकशीसाठी राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. फेब्रुवारी २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आणि किनारी पाण्याची तटरक्षक दलाकडे देण्यात आली. नौदलाचं सागर प्रहरी बल आलं. दीपगृहांच्या आसपास तटरक्षक दलाची रडार आणि कॅमेऱ्यांची साखळी आली. पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी. नोव्हेंबर २०१४ मध्ये मनोहर पर्रीकरांनी संरक्षणमंत्री म्हणून गुरुग्रामच्या केंद्राचं उद्घाटन केलं, जिथे नौदल आणि तटरक्षक दलाच्या ५१ ठाण्यांचं चित्र एका पडद्यावर येतं. 'सागर कवच' आणि 'सी व्हिजिल' हे सराव होतात, त्यात आपलेच जवान हल्लेखोर बनून किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न करतात. २००८ ची आणि आजची स्थिती एक आहे असं जो म्हणेल तो खोटं बोलतो.

पण पडद्यावर येतं कोण? ज्याच्यावर यंत्र आहे तो. वीस मीटरपेक्षा लांब नौकांना आपली ओळख आणि ठिकाण सांगणारी एआयएस यंत्रणा सक्तीची आहे. आपल्या बहुसंख्य बोटी वीस मीटरच्या आतल्या. लाकडाची किंवा फायबरची छोटी होडी रडारला धड दिसत नाही, आणि पावसाळी लाटांत तर नाहीच. म्हणून इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर, म्हणजे बोटीचं ठिकाण कळवणारे डबे, आले. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एक लाख बोटींसाठी या योजनेचा प्रारंभ झाला. वादळाची सूचना बोटीवर येते, संकटात कळ दाबता येते, माशांचे थवे कुठे आहेत तेही कळतं. योजना खरोखर चांगली आहे.

तरी तांडेल ते यंत्र कधी कधी बंद ठेवतो. सातपाटी, हर्णै, मालवण, कुठल्याही बंदरात जाऊन निवांत बोला, कारणं कळतील. पहिलं कारण धंद्याचं. मासा कुठे लागतो हे तांडेलाचं भांडवल आहे आणि ते तो सख्ख्या भावालाही फुकट देत नाही. दुसरं कारण दंडाचं. राज्याच्या मासेमारी कायद्यात २०२१ मध्ये दंड बरेच वाढवले गेले, जानेवारी २०२५ पासून अवैध मासेमारीवर ड्रोनची नजर आहे. एलईडी दिव्यांनी मासे ओढणाऱ्यांवर आणि पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांनी थवेच्या थवे उपसणाऱ्यांवर कारवाई व्हायलाच हवी, पारंपरिक मच्छिमारांचीच ती मागणी आहे. पण सुरक्षेसाठी बसवलेला डबा उद्या दंडाची पावती फाडणार, असं एकदा वाटलं की तो डबा नादुरुस्त व्हायला वेळ लागत नाही. तिसरं कारण उत्तरेकडचं. पालघरची पोरं खलाशी म्हणून गुजरातच्या बोटींवर जातात. मासा सरहद्दीच्या रेषेजवळ सरकला की बोटही सरकते. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानी सागरी सुरक्षा यंत्रणेच्या गोळीबारात 'जलपरी' बोटीवर वडराईचा एक खलाशी मारला गेला. कितीतरी भारतीय बोटी पाकिस्तानच्या ताब्यात पडून आहेत. 'कुबेर' आठवा आणि मग सांगा, प्रत्येक जप्त बोट ही फक्त मच्छिमारांची अडचण आहे का?

मराठा आरमाराचे प्रमुख कान्होजी आंग्रे आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांना दस्तक, म्हणजे परवाना, देत. दस्तक नसलेलं जहाज संशयित. आज बोट बाहेर पडताना टोकन घ्यावं लागतं, कल्पना तीच. फरक एवढाच की आंग्र्यांची माणसं दस्तक तपासायला समुद्रात जात, आणि आपलं टोकन बहुतेक वेळा जेटीवरच संपतं.

सागरी पोलिसांबद्दल कडक बोलायची पद्धत आहे. मी थोडं वेगळं बोलतो. शिपाई भरती होतो जिल्हा पोलिसांत. त्यातला एखादा देशावरचा, कधी खाडीही न पाहिलेला. त्याची बदली सागरी पोलीस ठाण्यात होते. पहिल्याच गस्तीत त्याला बोट लागते. तो शिकतो, पोट आणि पाय स्थिर होतात, खडक आणि प्रवाह कळू लागतात, आणि तोवर पुन्हा बदलीचा हुकूम येतो. बोटींचा इंजिनदुरुस्तीचा, डिझेलचा, खलाशांच्या कंत्राटाचा प्रश्न निराळाच. ओख्याला किनारी पोलिसांसाठी राष्ट्रीय अकादमी सुरू झाली आहे, पण शिकलेला माणूस समुद्रावर दहा वर्षं राहील अशी सोय केल्याशिवाय अकादमीचा उपयोग किती? माझ्या मते सागरी पोलिसांचं केडर वेगळं हवं आणि त्यात कोळी, भंडारी, खारवी, गाबीत मुलांना भरतीत पहिली पसंती हवी. यावर मतभेद आहेत, मला मान्य आहे.

गेल्या काही वर्षांतल्या तीन घटना बघा. १८ ऑगस्ट २०२२ ला हरिहरेश्वरजवळ 'लेडी हान' नावाची नौका सापडली, आत तीन एके-४७. दहीहंडीच्या तोंडावर सगळ्या राज्याच्या पोटात गोळा आला. नंतर उलगडा झाला की मस्कतहून युरोपला निघालेल्या या नौकेचं इंजिन जूनअखेरीस बिघडलं, माणसांची सुटका झाली आणि नौका वाहत आली. म्हणजे पुन्हा पावसाळा, पुन्हा तोच वारा. दुसरी घटना फेब्रुवारी २०२४ ची. कुवेतमध्ये मालक पगार देत नाही म्हणून कन्याकुमारीकडचे तिघे मच्छिमार मालकाचीच बोट घेऊन निघाले आणि थेट मुंबईच्या तोंडाशी पोहोचले. पोलिसांच्या गस्ती बोटीने त्यांना हटकलं, पण त्याआधी अख्खा अरबी समुद्र त्यांनी बिनबोभाट पार केला होता. तिसरी जुलै २०२५ ची. रेवदंड्याजवळ कोर्लईच्या समुद्रात रडारवर संशयित पाकिस्तानी बोट दिसली, रात्रभर सगळी दलं धावली, नाकाबंदी झाली. अखेर बोट सापडली नाही. संकेत मासेमारीच्या जाळ्याला बांधलेल्या तरंगत्या बोयाचा असावा, असं पुढे आलं.

तिसऱ्या घटनेची काहींनी चेष्टा केली. मी करणार नाही. रडारने पाहिलं, निरोप गेला, माणसं भरपावसात बाहेर पडली. १९९३ आणि २००८ मध्ये नेमकं हेच झालं नव्हतं. खोटा ठरलेला इशारा हा यंत्रणेचा खर्च आहे, तो करायचाच असतो. मात्र यंत्रणेला ही सूट आपण देतो तशी मच्छिमाराला देतो का?

कारण खोटा ठरलेला इशारा मच्छिमाराने दिला तर काय होतं? तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक त्याच्याकडे असतात. किनाऱ्यावरच्या स्वयंसेवकांच्या सागर रक्षक दलाचं ओळखपत्रही असतं. त्याने फोन केला, मग जबाबासाठी ठाण्यात बसला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं. बोट किनाऱ्याला उभी. भरलेला बर्फ वितळला, डिझेल गेलं, खलाशांचा रोज अंगावर आला. आणि शेवटी त्या बोटीचं काय निघालं हे त्याला कोणी कळवत नाही. असं एकदा झालं की दुसऱ्यांदा तो सुकाणू वळवतो आणि आपल्या वाटेने जातो. भाषणांत त्याला 'डोळे आणि कान' म्हणतात. ज्या ३० ऑगस्टच्या कार्यक्रमात ट्रान्सपाँडर आले, त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराची पायाभरणी झाली, आणि त्या बंदराला किनाऱ्यावरच्या मच्छिमारांचा कित्येक वर्षांचा विरोध आहे. बंदर हवं की नको हा आजचा विषय नाही. पण एका हाताने माणसाकडून माहिती मागताना दुसऱ्या हाताने त्याचं मासेमारीचं पाणी जात असेल, तर माहिती आटते. हे गुप्तवार्तेचं साधं शास्त्र आहे.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे की, मग नेमकं करायचं काय. दोन गोष्टी सांगतो. पहिली, इशारा देणाऱ्या बोटीच्या बुडालेल्या दिवसाची भरपाई ठरलेल्या दराने, आठवड्याच्या आत, इशारा खरा ठरो वा खोटा. आणि आठवड्यात त्या तांडेलाला फोन, की तुम्ही पाहिलं ते हे हे निघालं.

दुसरी गोष्ट जून-जुलैची. त्या दोन महिन्यांत खलाशी घरी रिकामे असतात, बोटी वर ओढलेल्या असतात, आणि समुद्र ओळखणारी हीच माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना रोजंदारीवर कोर्लई, हरिहरेश्वर, जयगड, विजयदुर्ग अशा उंच टोकांवर दुर्बीण आणि वायरलेस देऊन आळीपाळीने बसवावं. पावसात रडारचा पडदा गढूळ होतो तेव्हा त्यांच्याकडून येणारी वर्दी सागरी पोलीस ठाण्याच्या डायरीत वेळेसकट लिहिली जावी. खर्च फार नाही. एका जिल्ह्यात एका पावसाळ्यासाठी करून बघता येईल, आणि मला विचाराल तर सुरुवात रायगडपासून करावी.