सिक्स बाय सिक्स

मिरजेची सतारमेकर गल्ली. पंढरपूरकडून आलेले भोपळे भिंतीला टांगलेत. हे कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढतायत: तार गुंजत राहावी म्हणून घोडी घासून जुळवतायत. कानशीचा एक हलका हात, तारेखाली सूत सरकवायचं, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा कानस. घोडी केसभर जास्त घासली तर तंबोरा बोलत नाही.

(तंबोऱ्याचा आवाज. निवेदन थांबते.)

वय 36. दुपार कलली की यांचं कपाळ ठणकायला लागतं. सूत धूसर होतं, डोळे चोळले की पुन्हा स्पष्ट. डोळे दोनदा तपासून घेतले. दोन्ही वेळा तक्ता वाचला, सिक्स बाय सिक्स, "नजर उत्तम आहे" ऐकून घरी आले.

हा तो तक्ता. डच डॉक्टर हर्मन स्नेलेन यांनी 1862 साली आणलेल्या तक्त्यावरून बनलेला. 6 मीटरवरून ही ओळ वाचता आली की सिक्स बाय सिक्स. ती वाचताना डोळ्याला किती जोर काढावा लागला, हे मात्र त्यावर कुठे उमटत नाही.

आपला डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर. तो जरा आखूड असला की प्रतिमा पडद्याच्या मागे जाऊ बघते. मग आतला स्नायू भिंग फुगवून तिला पुढे आणतो. हा प्लसचा नंबर, आणि तरुण वयात स्नायू तो बेमालूम झाकतो. लांबचं बघतानाही त्याला सुट्टी नाही. हातातली घोडी बघताना तर काम आणखी वाढतं.

आता बाहुलीकडे बघा. अंधारी खोली, डॉक्टरांच्या हातात रेटिनोस्कोप. उजेडाची पट्टी बाहुलीवरून फिरते, आतून लालसर उजेड परततो. तो पट्टीबरोबर सरकतो की उलटा, यावरून समोर काचा बदलत जायच्या, सरकणं थांबून अख्खी बाहुली एकदम उजळेपर्यंत. इथंही स्नायू चकवतो. म्हणून थेंब. स्नायू सैल पडेपर्यंत बाकावर डोळे मिटून बसायचं. थेंबांआधी नंबर आला होता प्लस 0.50. थेंबांनंतर प्लस 1.50.

थेंबांचा अंमल उतरेपर्यंत जवळचं धूसरच दिसणार. आज कानस बंद.

असा नंबर निघाला म्हणजे चष्मा हवाच असं नाही; त्रास नसेल तर गरज नसते. पण कपाळ दुखतं म्हणून आलेल्या माणसाला नुसता तक्ता वाचायला लावून परत पाठवणं आम्हाला पटत नाही. मिरजेसारख्या दवाखान्यांच्या गावात तर नाहीच नाही.

यांना जवळच्या कामासाठी चष्मा मिळाला. डोकेदुखी बरीच कमी आहे.

पंधरा दिवसांनी, तीच घोडी.

(सूत तारेखाली सरकते. तंबोरा.)